विहीणबाईंनी शिजवलेले गहू

ब्रह्मपुरीहून निघताना

सायप्रसला चालले म्हटल्यावर आमच्या ब्रह्मपुरीत पहिला प्रश्न आला, "ते कुठी आहे?" तुर्कस्तानच्या खाली, समुद्रातलं बेट, असं मी सांगितलं. दुसरा प्रश्न, तिथं खातात काय? आणि तिसरा, जो विचारल्याशिवाय आमच्याकडे कुणी चहाचा कप खाली ठेवत नाही: पोरगी तिकडं गेलीच कशी? माझी लेक अर्चना नर्स आहे. कामाला म्हणून गेली, आंद्रेआस नावाच्या वायरमनशी लग्न केलं आणि डोंगराच्या पायथ्याशी एका खेड्यात राहिली. गावाचं नाव इथं लिहीत नाही, विहीणबाईंना चालायचं नाही.

मी उभी नोकरी भामरागडकडच्या आश्रमशाळेत काढली आहे. पावसाळ्यात नद्या फुगल्या की जगाशी संबंध संपायचा आणि उरायची ती माडिया माणसं. त्यांच्या अंगणात कुठं बसायचं, पुढं केलेलं काय नाकारायचं नाही, हे सगळं मी चुकतमाकत शिकले. त्यामुळे परक्या गावात कसं वागावं हे मला कुणी शिकवू नये, अशी माझी पक्की समजूत होती. ती लार्नाकाच्या विमानतळापासून विहिणीच्या अंगणापर्यंत टिकली.

जाण्याचं कारण एक नव्हतं. नात चिमी दहा महिन्यांची झाली होती आणि मी तिला फक्त फोनमध्ये पाहिलं होतं. दुसरं कारण जड होतं. गेल्या फाल्गुनात माझे यजमान गेले. अर्चूचे दिवस भरत आले होते, विमानात बसायला डॉक्टरांनी मनाई केली. बापाच्या मातीला ती आली नाही याचा राग मी धरला नाही. मला लागलं ते पुढचं. त्यानंतर वर्षभरात फोनवर तिनं बापाचं नाव म्हणून घेतलं नाही. मी विषय काढला की म्हणायची, "आई, चिमी उठली, ठेवते." ज्या बापानं तिच्या नर्सिंग कॉलेजच्या सुट्ट्यांना ब्रह्मपुरीच्या स्टँडवर तासन्‌तास वाट पाहिली, त्याच्याविषयी एक शब्द नाही. वर्षश्राद्ध महिन्यावर आलं होतं. लेकीला आणि नातीला त्यासाठी घेऊन यायचं, आणि पोरीच्या मनात बाप उरला आहे की नाही ते आपल्या डोळ्यांनी पाहायचं, एवढं ठरवून मी निघाले.

अंगण

फेब्रुवारी होता. रस्त्याच्या दोन्ही अंगांना हिरवं गवत, त्यात जांभळी-तांबडी रानफुलं, बदामाची झाडं पांढऱ्या फुलांनी भरलेली आणि घराघरात संत्र्यांचे सडे. नागपूरच्या माणसानं पाहिलं तर हेव्यानं आजारी पडेल. गाडी अंगणात थांबली आणि दारात माझी विहीण उभी. एलेनी. डोक्यापासून पायापर्यंत काळी. काळा झगा, काळे मोजे, काळी शाल. नवरा जाऊन कित्येक वर्षं झाली, तेव्हापासून हाच वेष, असं अर्चूनं पुढं सांगितलं.

आणि मी कशी? पिवळी साडी, हातात बांगड्या, कपाळावर टिकली. हे गेले तेव्हा मी बांगड्या फोडू दिल्या नव्हत्या. आमच्या गल्लीत त्यावरून पुष्कळ कुजबूज झाली, ती मी ऐकली नाही. आपण म्हणतो युरोपातल्या बायका मोकळ्या. आता समोर युरोपातली बाई काळ्या कपड्यांत, आणि झाडीपट्टीतली मी हळदीसारखी पिवळी. तिनं मला खालून वर पाहिलं, अर्चूला काहीतरी विचारलं. अर्चू लाल झाली. पुष्कळ खोदल्यावर कळलं, विहीणबाईंनी विचारलं होतं, "तुझे वडील खरंच वारलेत ना?"

मी नातीकडे वळले. एवढं गोंडस पोर, गाल नुसते लोण्याचे. माझ्या तोंडून निघालं, "काय सुंदर आहे वो!" माझ्या चेहऱ्यावरून विहीणबाईंना अर्थ समजला असावा. त्या वाकल्या आणि माझ्या नातीच्या अंगावर थुंकल्या. फ्तू, फ्तू, फ्तू. तीन वेळा.

माझे डोळे पांढरे झाले. अर्चूनं माझा हात धरला नसता तर पहिल्या पाच मिनिटांत सोयरिकीचा निकाल लागला असता. ती म्हणाली, "आई, दृष्ट लागू नये म्हणून करून राह्यली ती. तू तारीफ केली न." थुंकी खरी नव्हती, नुसता आवाज. तेवढ्यावर भागलं नाही. विहीणबाईंनी आतून एक धुपाटणं आणलं, त्यात ऑलिव्हची वाळलेली पानं जाळली आणि तो धूर पोरीच्या डोक्याभोवती तीनदा ओवाळला. पानं चर्चमध्ये ठेवून पवित्र केलेली असतात म्हणे. पानं तडतडली की दृष्ट होती असं समजायचं. आमच्याकडे मीठ, मोहरी, मिरच्या; इकडे पानं. मात्र जिच्यामुळे दृष्ट लागते अशी बाई मी ठरले होते, ते मला झोंबलं.

नातीचं नाव काय, तर तेही एलेनी. तिथली रीतच तशी, पोराला आजोबाचं किंवा आजीचं नाव द्यायचं, आजी धडधाकट जिवंत असली तरी. मी अर्चूला विचारलं, पोरीवर ओरडायचं झालं तर सासूचं नाव घेऊन ओरडतेस? म्हणूनच घरात चिमी म्हणायचं ठरलं, असं ती म्हणाली.

त्याच संध्याकाळी मी आंद्रेआस आणि अर्चूसमोर विषय काढला. वर्षश्राद्धाला अर्चू आणि चिमी माझ्याबरोबर येतील, हे विहीणबाईंना सांगा म्हटलं. अर्चूनं मान खाली घातली. आंद्रेआसनं सांगितलं. विहीणबाईंनी हनुवटी वर उडवली आणि जिभेनं "च्क" केलं. आपल्याकडे असा आवाज दुसऱ्याची कीव आली की करतात. मला वाटलं, बाईंना माझं दुःख समजलं. जावई खाकरून इंग्रजीत म्हणाला, "आई, ते 'नाही' असतं."

नाही! माझी लेक, तिचा बाप, आणि नाही म्हणणारी ही कोण?

या जेवायला

दुसऱ्या दिवसापासून मी गावात फिरू लागले. घरात विहिणीचं तोंड पाहण्यापेक्षा बरं. घराघरात बोलावणं होई आणि प्रत्येक घरी तोच विधी. आधी विचारायचं, कॉफी कशी: बिनसाखरेची, मध्यम की गोड? मग एवढीशी कपबशी, थंड पाण्याचा पेला, आणि एका बशीत चमच्यावर एकच एक पाकातलं फळ. पहिल्या घरी तो कोवळा अक्रोड होता, सालीसकट पाकात मुरवलेला, काळाकुळकुळीत. मी आमच्या रीतीनं "नको, नको" म्हटलं. आमच्याकडे पहिल्या आग्रहाला हो म्हणणारा हावरट. त्या घरच्या बाईचा चेहरा असा पडला की मी घाईनं चमचाच तोंडात घातला. मग कॉफी गटकन तळापर्यंत प्यायले. तळाशी गाळ होता. तोंडभर चिखल घेऊन मी हसत बसले आणि बायका एकमेकींकडे पाहत होत्या. तळाची कॉफी प्यायची नसते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

त्या बायकांनी अर्चूमार्फत विचारलं, लेकीला घर कुठं बांधून दिलं? मी आ वासला. तिकडे मुलीच्या बापानं मुलीला घर द्यायचं असतं आणि नवरदेव त्या घरात राहायला येतो. अर्चू मात्र सासरच्या घरात राहते, म्हणजे आम्ही काय केलं नक्की? मी म्हटलं, शिकवलं. अर्चूनं त्याचं भाषांतर काय केलं देव जाणे, पण बायकांनी मान डोलावली.

खरा घोटाळा झाला तो शेताच्या वाटेवर. एक म्हातारा झाडाखाली बसून जेवत होता. ऑलिव्ह, पाव, कांदा आणि त्यांचं ते खारं चीज, जे तव्यावर भाजलं तरी विरघळत नाही आणि दाताखाली किरकिर करतं. मला पाहून तो म्हणाला, "कोपियास्ते." अर्थ मला ठाऊक झाला होता: या, जेवायला बसा. हे तर आमचंच! आमच्याकडेही कुणी जेवताना दिसला की तो "या जेवाले" म्हणतो, आणि आपण "जेवा, जेवा, आताच झालं" म्हणत पुढं निघतो. कुणी खरंच बसला तर घरच्या बाईची पंचाईत. मी हसून "जेवा, जेवा" म्हटलं आणि चालू लागले. म्हातारा उठला. पाव आणि चीज हातात घेऊन माझ्या मागं येऊ लागला. मी वेग वाढवला, त्यानंही वाढवला. शेवटी मी वळले आणि सगळ्या जगात समजेल असा हात केला. तळवा त्याच्याकडे, पाची बोटं पसरून: बस, पुरे.

तो जागच्या जागी थिजला. त्याच्या हातातला पाव खाली आला. तोंड लालबुंद. मला वाटलं याला झटका येतोय. मागून येणारी अर्चू बाबागाडी ढकलत धावली आणि काय काय बोलत सुटली. तिकडे उघडा पंजा कुणाच्या तोंडासमोर धरणं म्हणजे त्याच्या सात पिढ्यांना शिवी. आणि मी ती एका म्हाताऱ्याला, तो मला जेवायला वाढत असताना, भर रस्त्यात घातली होती. आमच्याकडे तर त्याच हातानं आशीर्वाद देतात! मी तिथंच त्याच्याशेजारी मातीत बसले आणि पाव खाल्ला. अजून काय करणार होते? तो म्हातारा नंतर रोज आमच्या दारात संत्री ठेवून जायचा. माझी हकिगत मात्र गावभर झाली आणि विहीणबाईंनी ती ऐकून पदर, म्हणजे शाल, तोंडाला लावली. हसल्या की लाजल्या, कळलं नाही.

एका दुपारी आंद्रेआसनं वर डोंगरात नेलं. तिथं जुनी खाण होती, बंद पडलेली. सगळा डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी कापलेला, आणि त्या पायऱ्यांवर आता कष्टानं लावलेली रोपटी. माझ्या मनात आपसूक आमच्या गडचिरोलीचं सूरजागड आलं, लोखंडासाठी खणत चाललेला तो डोंगर. अर्चू म्हणाली, "बाबाले दाखवाले पाह्यजे होतं हे." आणि लगेच चिमीची टोपी नीट करू लागली. वर्षभरात बापाचा तो पहिला उल्लेख. मी पुढं विचारेपर्यंत ती गाडीत जाऊन बसली होती.

गुरुवार आणि शनिवार

त्यांच्या मोठ्या उपासाच्या आधी एक गुरुवार येतो. त्या दिवशी बेटावरच्या प्रत्येक अंगणात मांस भाजतात. सकाळपासून गावावर धुराचं छत. आमच्या अंगणातही मोठ्या सळयांवर मांस फिरत होतं, शेजारी गात होते, आणि माझी विहीण काळ्या कपड्यांत पाहुण्यांना वाढत होती. मी दोन घास खाल्ले. बरं लागत होतं, पण गोड लागेना.

शुक्रवारी तीच बाई स्वयंपाकघरात गव्हाचं मोठं पातेलं चढवून बसली. गहू उकडले, पांढऱ्या फडक्यावर पसरून कोरडे केले, त्यात भाजलेले तीळ, बदाम, मनुका, दालचिनी, डाळिंबाचे दाणे. मी मदतीला पुढं झाले तर हातानं बाजूला केलं. अर्चूला बोलावून घेतलं आणि दोघी पाठ करून बसल्या. सासू-सुनेचं गुळपीठ पाहून मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

शनिवारी सकाळी आम्ही सगळे चर्चला गेलो. वेदीपुढच्या टेबलावर गावातल्या बायकांनी आणलेली गव्हाची ताटं, वर साखर, त्यात खोवलेल्या मेणबत्त्या. पाद्री एका लयीत नावं वाचत होता, किती वेळ, संपता संपेना. मला ते सारं आपल्या सत्यनारायणासारखं वाटलं. बाहेर आल्यावर बायका तो गहू छोट्या पिशव्यांत भरून येईल त्याच्या हातात देत होत्या, आणि घेणारा एक चिमूट तोंडात टाकून काहीतरी पुटपुटत होता. प्रसादच की. मी हात पुढं केला.

तेवढ्यात जावयाला विचारलं, आज कुठल्या देवाचा दिवस? तो म्हणाला, "देवाचा नाही, आई. मेलेल्यांचा. हे त्यांच्या नावाचं असतं."

मी वळून पाहिलं. विहीणबाई चिमीला कडेवर घेऊन आपल्या पिशवीतले मऊ गहू बोटांनी चिरडून तिच्या तोंडात घालत होत्या.

मेलेल्याच्या नावाचं अन्न, दहा महिन्यांच्या लेकराच्या तोंडात! आमच्याकडे श्राद्धाचं पान कावळ्याला ठेवतात, तान्ह्या पोराची सावली पडू देत नाहीत तिथं. मला पुढचं काही दिसलं नाही. मी गेले, चिमीच्या तोंडात बोट घालून गहू बाहेर काढले, विहिणीच्या हातातली पिशवी ओढून घेतली आणि चर्चच्या भिंतीवर पाखरांसाठी पालथी केली. चिमीनं भोकाड पसरलं. विहीणबाई रिकाम्या हाताकडे पाहत होत्या.

अर्चू माझ्याजवळ आली. आवाज चढवला नाही.

"आई, तो बाबाचा होता."

मी भिंत धरली.

मग भिंतीपाशीच, रडणाऱ्या चिमीला थोपटत, तिनं सांगितलं. बाबा गेल्याचा फोन आला तेव्हा ब्रह्मपुरीहून, नागपूरहून, सगळ्या काकू-मावश्यांनी एकच सांगितलं: रडू नको, पोटात बाळ आहे. ती रडली नाही. नवव्या दिवशी सासूनं गहू शिजवले. चाळिसाव्या दिवशी शिजवले, तेव्हा चिमी झाली होती. तिसऱ्या महिन्यात, सहाव्यात, नवव्यात. बाप्तिस्मा नसलेल्याचं नाव पाद्री वाचत नाही, म्हणून नावं वाचली जाताना विहीणबाई कोपऱ्यात उभ्या राहून ते नाव स्वतः म्हणत. हरिश्चंद्र. ते त्यांच्या जिभेवर बसावं म्हणून अर्चूनं त्यांना पुन्हा पुन्हा म्हणून दाखवलं होतं. प्रत्येक वेळी गहू निवडताना दोघी बाबाबद्दल बोलायच्या. "मले दुसऱ्या कोणाजवळ रडताच येत नव्हतं, आई. तुह्याजवळ त नाईच. तू फोनवर इतकी घट्ट बोलायची, मले वाटे मी फुटली त तूही फुटशीन."

वर्षभर मी ज्या पोरीला कोरडी समजत होते, ती परक्या देशात, परक्या बाईच्या पातेल्यापाशी बसून बापाचं सुतक पाळत होती. आणि मी तिच्या बापाचा घास नातीच्या तोंडातून काढला होता.

विहीणबाईंजवळ गेले. काय बोलणार, भाषा नाही. हात जोडले. त्यांनी माझे जोडलेले हात धरून खाली केले आणि अर्चूला काहीतरी सांगितलं. अर्चूनं सांगितलं ते असं: एलेनी लहान मुलगी असताना लढाई झाली, बेटाचे दोन तुकडे झाले. आई पोरांना घेऊन इकडे पळाली, बाप गुरांपाशी तिकडेच राहिला आणि तिकडेच मेला. कुणाकडून तरी निरोप आला तेव्हा माती होऊन दिवस लोटले होते. बापाच्या मातीला न गेलेली पोर कशी दिसते हे मला माहीत आहे, असं त्या म्हणाल्या होत्या.

त्या 'नाही'चा उलगडाही तिथंच झाला. आंद्रेआसला सुट्टी नव्हती. ब्रह्मपुरीत सगळी माणसं भेटली की अर्चू रडायला बसणार, मग पोर कोण धरणार? म्हणून विहीणबाईंचं म्हणणं एवढंच होतं: तुम्ही दोघीच जाऊ नका. मी येते.

पुन्हा ब्रह्मपुरी

प्रवासवर्णन परतीच्या विमानाशी संपवतात. माझं संपेना, कारण परतीला आम्ही चौघी होतो.

ब्रह्मपुरीच्या स्टँडवर काळ्या कपड्यांतली बाई उतरली तेव्हा शेअर जीपवाल्यांनी ओरडणं थांबवलं. गल्ली दारात आली. विहीणबाईंचा मोठा उपास सुरू झाला होता, दूध-तूप-मांस वर्ज्य, तेव्हा वरण-भात आणि वांग्याच्या भाजीवर त्या सुखात राहिल्या. आमच्या अंगणात शेजारची गाय वासरू घेऊन शिरली, आणि ते कौतुकाचं वासरू पाहून त्यांनी त्याच्यावरही तीनदा थू-थू केलं. शेजारीण माझ्याकडे पाहत राहिली. मी म्हटलं, दृष्ट काढली, घाबरू नका.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी त्यांनी माझ्या स्वयंपाकघरात पातेलं मागितलं. या वेळी तीळ मी भाजले. आमचा मुलूख भाताचा, अख्खे गहू उकडून खायचे हे कुणाच्या गावी नाही. पिंड भाताचे झाले, पानं वाढली, कावळा आला, सगळं रीतसर झालं. अर्चू बापाच्या फोटोसमोर बसली आणि इतकी रडली की दारातली माणसं आत आली. चिमी विहिणीच्या कडेवर होती.

जेवणं झाली. माणसं निघू लागली, आणि विहीणबाई अंगणातल्या मांडवाच्या तोंडाशी पुढ्यात टोपली ठेवून उभ्या राहिल्या. एका कडेवर चिमी, दुसऱ्या हातात गव्हाची पिशवी पुढं केलेली. एकानं पाहिलं, बाजूनं निघाला. दुसऱ्यानं हात मागं घेतला. श्राद्धाचं कुणी घरी नेतं का? मांडवात कुजबूज वाढली. विहीणबाईंचा हात तसाच पुढं. हे सगळं मी करून चुकले होते.

माझी नणंद कुसुमबाई पुढं आली. वयानं आणि जिभेनं घरात सगळ्यांत मोठी. अर्चूला म्हणाली, "हे काय वाटून राह्यली वो तुह्यी सासू?"

अर्चूनं डोळे पुसले. "बाबाच्या नावाचे गहू आहेत, आत्या. खाऊन म्हणाचं असते, देव त्याले माफ करो."

"माफ? काय गुन्हा केला माह्या भावानं?"

मला वाटलं, आता संपलं. अर्चू म्हणाली, "गुन्हा बाबाचा नाई, आत्या. जे मातीले आले नाई, त्याईनं म्हणाचं असते ते. मी आली नव्हती न."

कुसुमबाईनं तिच्याकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं. "गहूच काऊन?"

"मातीत घातला का उगवते म्हणून."

उभा जन्म धानाच्या बांध्यांत गेलेल्या बाईला यावर काही विचारायची गरज नव्हती. तिनं पिशवी घेतली, चिमूटभर तोंडात टाकलं, सावकाश चावलं. काय पुटपुटली ते ऐकू आलं नाही. मग टोपलीपाशी परत आली आणि विहिणीसमोर दुसरा हात पसरला. "माह्या पोराले सुट्टी नाई भेटली. त्याच्यासाठी एक दे वो बाई."

त्यानंतर रांगच लागली. कुणाचा भाऊ पुण्याला, कुणाची सून बाळंतीण, कुणाचे वडील अंथरुणावर. प्रत्येक जण न आलेल्याचं नाव सांगून दोन-दोन पिशव्या नेत होता, आणि विहीणबाई एक शब्द न समजता प्रत्येकाला मान लववून देत होत्या. टोपली रिकामी झाली. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मी घेतलीच नाही.

अर्चूनं आपल्या पिशवीतले गहू माझ्या हातावर ओतले. मी चिमूट तोंडात टाकली. काय म्हणायचं ते मला पाठ होतं, मराठी, इंग्रजी, ग्रीक अशा तीन भाषांत पाठ होतं. तोंडातून एवढंच निघालं, "अहो."